पडद्यावरची पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी ऑफिसातून येऊन चपला काढत होते, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "आलीस? हा गेला बघ."

एक चप्पल पायातच ठेवून मी आत धावले. पण गेला होता तो टीव्ही, आणि तोही व्यवस्थित चालू होता. बाबा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. मान जराशी तिरकी, कुणाकडे चोरून बघावं तशी.

"पॅनेल उतरलंय. मधोमध डाग धरलाय. आणि ही खालची बातम्यांची ओळ बघ, मधेच पोटात वाकते."

मी बघितलं. मला ओळ सरळ दिसली. डाग दिसला नाही. तसं मी म्हणालेही.

"तुला नाही दिसायचं ते," बाबा म्हणाले. रागावून नव्हे, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाला समजावतो तसं. चाळीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद करून बारा वर्षं झाली, पण अजून कुणाच्या घरी कोणता सेट होता हे त्यांना त्या माणसांच्या नावांपेक्षा जास्त आठवतं. आणि मी? रिमोटवरची चार बटणं सोडून बाकीची कशासाठी असतात हे मला आजतागायत माहीत नाही.

तरी जेवताना मन खात होतं. माझा धंदा चुका शोधण्याचा आहे. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. वेलांटी केसभर सरकलेली असली तरी मला खुपते. मग वाकलेली ओळ का दिसू नये? पण छापलेल्या कागदावरची चूक वेगळी आणि यंत्राचा बिघाड वेगळा. यंत्रातलं ज्याला कळतं त्याचं ऐकावं.

नवा टीव्ही घ्यायचा ठरलं. बाबांनी ठरवलं, मी हो म्हणाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा फोन. तो पाच तासांच्या अंतरावर राहतो आणि दर बुधवारी फोन करतो, हजेरी घेतल्यासारखा.

"टीव्ही कशाला आता? बाबांनाच इकडे घेऊन येतो. तू सकाळी नऊला जाणार, सातला येणार. दिवसभर म्हातारा माणूस भिंतींशी बोलणार का?"

फोन मोठ्या आवाजावर होता. बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, "त्याला सांग, मी सामान नाही उचलून न्यायला. आणि म्हातारा असेल तो."

"ऐकलं मी," दादा म्हणाला.

"ऐकायलाच बोललो."

दोघं हसले, मीही हसले. पण दादाचं चुकलेलं नव्हतं. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, बाबा दिवसभर घरात एकटे असतात. टीव्ही हाच काय तो दुसरा माणूस. मी नवा टीव्ही इतक्या चटकन कबूल केला, तो त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? मोठा, चकचकीत टीव्ही लावून दिला की मला दार ओढून निघताना बरं वाटेल, असं तर नाही? याचं उत्तर मला आवडलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

शेजारच्या काकूंचा रेडिओ महिनाभर बाबांच्या टेबलावर उघडा पडलाय. आज विचारलं तर म्हणाले, "पार्ट मिळत नाही. नंबरच पुसलाय त्यावरचा." त्यांची पाठ वळल्यावर मी बघितलं. मला नंबर वाचता आला. पण पार्टवरचा नंबर म्हणजे तोच की दुसरा कुठला, कोण जाणे. बोलले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

टीव्ही किती इंची घ्यायचा ते बसण्याच्या अंतरावर ठरतं, असं कुठेतरी वाचलं. म्हणून टेप घेऊन बसले. भिंतीपासून बाबांच्या खुर्चीपर्यंत साडेतीन फूट. मला ते कमी वाटलं. मग लक्षात आलं, खुर्चीच्या पायांचे जुने वळ फरशीवर बरेच मागे आहेत. तिथून मोजलं तर नऊ फूट. मधे आणखी एक पुसट जोडी, सहा फुटांवर.

म्हणजे बाबा हळूहळू पुढे सरकत आलेत. बिचारे! जुना सेट त्यांना किती दिवस लहान पडत असेल, आणि एका शब्दाने बोलले नाहीत. निष्कर्ष: मोठा घ्यायला हवा. वहीत लाल पेनाने लिहिलं.

दुपारी बाबांनी पाण्याचा तांब्या पेल्याच्या बाजूला ओतला. सगळं टेबल ओलं. मी "अहो बाबा!" म्हणाले तर त्यांनी मलाच सुनावलं, "पेला हलवतेस कशाला?" मी हलवला नव्हता. की हलवला होता? मला खात्री देता येत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसनंतर एकटीच दुकानात गेले. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट. विक्रेता साधारण माझ्या वयाचा, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात कुठे श्वास घ्यायची सोय नाही.

"मॅडम, एलईडी की ओएलईडी? रिफ्रेश रेट काय बघताय?"

"मी बघत काही नाही. वडील बघतात."

"काय बघतात?"

"बातम्या. आणि क्रिकेट."

"मग मोशन चांगलं हवं. हा बघा. आता काळा बघा. काळा किती काळा आहे!"

मी काळा बघितला. मग शेजारच्या सेटचा काळा बघितला. तो जरा कमी काळा असावा असं मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर विक्रेता म्हणाला, "नाही मॅडम, हा दोन्हीकडे सारखाच आहे. फरक त्या तिसऱ्यात आहे." हात टेकले. पण त्याने जे जे सांगितलं ते सगळं उतरवून घेतलं, अडीच पानं. घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "त्याला विचार, जाळी लावून दाखवशील का?"

"कसली जाळी?"

"आडव्या-उभ्या सरळ रेघा. आम्ही लावून बघायचो. रेघ सरळ आली की सेट निर्दोष. पोपटावरून काय कळतंय? पोपट वाकडाच असतो."

मग म्हणाले, "मीच येतो रविवारी."

बाबा दोन महिन्यांत घराबाहेर पडलेले नाहीत. मला इतका आनंद झाला की अडीच पानं वाया गेल्याचंही काही वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा, कारण तो मला नीट कळलेला नाही.

जाताना बाबा खुशीत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो ते कधी ठेवत नाहीत. खाली शेजारच्या काकू समोरून आल्या, हसल्या, आणि बाबा त्यांच्या अंगावरून सरळ पुढे गेले. काकूंचा चेहरा उतरला. मी "रेडिओचं मनावर घेतलंय त्यांनी," असं काहीतरी सारवासारव करत बोलले.

दुकानात बाबांनी विक्रेत्याला जाळी लावायला सांगितली. त्याला समजेना. बाबांनी समजावलं, चढ्या आवाजात, पण मजेत. "साहेब, तुमच्या जन्माच्या आधी आम्ही सेट उघडत होतो." तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल ते." फोनवर शोधून त्याने रेघांचं एक चित्र काढलं आणि ते भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकदम लावलं. वीस-बावीस पडदे, काळ्यावर पांढऱ्या रेघा. वहीच्या पानासारखं स्वच्छ दिसत होतं.

बाबा पहिल्यासमोर उभे राहिले. मग दुसऱ्या. एका डोळ्यावर तळहात ठेवून बघितलं, मग तळहात बदलला. तिसरा, चौथा. सगळ्यात महागडा कोपऱ्यात होता, त्याच्यापुढे बराच वेळ थांबले. मग मागे फिरून पुन्हा पहिल्याकडे गेले.

"सगळ्यांवर एकच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकच, काका. एकाच वायरवर आहेत."

"एकही सरळ नाही?" हे ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं ते किमतीबद्दल बोलताहेत. विक्रेत्याला ऐकू गेलं नाही. मी म्हणाले, "काय, बाबा?" तर म्हणाले, "काही नाही. चल घरी."

"पण कुठला घ्यायचा?"

"कुठलाही घे. सगळे सारखे."

मला वाटतं, त्यांना वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा होता, ती गोष्ट पुढे निघून गेली. तो गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस 'तुम्ही म्हणाल ते' म्हणाला, ते लहान मुलाला म्हणावं तसं. मीच त्यांना तिथे न्यायला नको होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा एकदम सरळ झालेत. कशाचीही तक्रार नाही. मी म्हणाले, "पंचावन्न इंची घेऊ?" तर "घे." मी म्हणाले, "की नकोच? जुनाच चालवू?" तर तेही "चालेल."

खुर्ची परत मागे नेली आहे, थेट नऊ फुटांच्या वळांवर. टीव्ही चालू असतो, पण ते त्याच्याकडे बघतात की खिडकीकडे, सांगता येत नाही.

दादा फोनवर म्हणाला, "काय गं, बाबांना काय झालं? मी म्हटलं या इकडे, तर म्हणाले, बघू."

"बघू म्हणाले?"

"म्हणजे काय ते तूच सांग. तू असतेस तिथे."

मी काय सांगणार? 'बघू' म्हणजे आमच्या घरात 'नाही'. पण पूर्वी ते 'नाही'च म्हणायचे.

पंचावन्न इंची नक्की केला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टीव्ही आला. बसवणारा भिंतीला भोकं पाडून, वायरी लावून घाईत होता, त्याला आणखी तीन घरं होती. बाबा म्हणाले, "पुढचं मी करतो. तू जा." मला बरं वाटलं, त्यांचा जुना सूर परत आल्यासारखा.

पडद्यावर एकेक प्रश्न येत होते. भाषा. वायफाय. मग दोन मोठे चौकोन आले, एकात 'घर', एकात 'दुकान'. बाबा रिमोट हातात धरून थांबले. बोटाने बटणं चाचपली आणि दाबलं. 'दुकान' निवडलं गेलं.

मनात आलं, विचारावं, आपण तर घरी आहोत. पण बाबांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. त्या 'दुकान'मध्ये काहीतरी जास्त चांगलं असणार, जाणकारांसाठी राखून ठेवलेलं. आणि परवा दुकानात त्यांचा झालेला अपमान डोळ्यांसमोर होता. त्यांच्या हातातल्या रिमोटकडे बोट दाखवून मी चूक काढायची? ऑफिसात आठ तास तेच करते. गप्प बसले.

चित्र सुंदर आहे. रंग तर इतके भडक की निवेदिकेच्या ओठांकडे बघवत नाही. फक्त दर दोन-चार मिनिटांनी मधोमध एक निळी पट्टी येते, टीव्हीचे गुण सांगणारी, आणि थोड्या वेळाने जाते. नव्या टीव्हींचं असंच असणार. फुकटात कोण काय देतं हल्ली! सगळीकडे जाहिराती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टीचा त्रास होतो. आज क्रिकेटमध्ये ऐन चेंडू पडताना आली. बाबांनी हूं का चूं केलं नाही. ज्या माणसाने पडद्यावरच्या एका मुंगीसाठी लोकांच्या घराच्या गच्चीवर चढून अँटेना फिरवल्या, तो इतकी मोठी पट्टी सहन करतो. वयाने माणूस निवळतो, ते असं.

संध्याकाळी मी सुरुवात केली, "बाबा, चित्र बरं वाटतंय ना? म्हणजे ते मधे मधे..."

"एक नंबर आहे," ते पटकन म्हणाले. "पैसे वसूल. मधे काही नाही. सवय होते सगळ्याची."

विषय संपला. मला जरा समाधानही वाटलं की निवड चुकली नाही. तरी लिहिताना हात अडखळतोय, आणि का ते कळत नाही. 'मधे काही नाही' असं कशाला म्हणाले? मी तर अजून काही म्हटलंच नव्हतं.

२ मार्च, रविवार

मिस्त्रीकाका आले होते. बाबांच्या दुकानातले जोडीदार. वीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले. अजूनही बाबांना 'मालक' म्हणतात, चिडवायला.

"काय मालक, नवा सेट घेतला आणि मला उद्घाटनाला बोलावलं नाही? माझी कात्री कोण वापरणार मग?"

"तुला बोलावलं तर तू उघडून बघशील."

"उघडून काय बघायचंय यात? आत काही नसतंच हल्ली. पातळ पापडासारखा सेट. दाखवा तरी."

मी चहा ठेवायला गेले. बाहेरून काकांचं हसणं ऐकू आलं, पोट धरून हसतात तसं. "अहो मालक! हे काय! दुकानातली पट्टी घरात? डेमो मोडवर ठेवलाय का सेट? अगं पोरी, इकडे ये. तुझ्या बापाने सगळ्या घराचं शोरूम करून टाकलंय! किती दिवस चाललंय हे?"

"आठ," मी दारातून म्हणाले.

"आठ दिवस? आणि मालक, तुम्ही?"

काका हसता हसता बाबांकडे वळले आणि हसू तिथेच थांबलं. बाबा पडद्याकडे बघत होते. पट्टी अजून पडद्यावरच होती, निळी, दीड हात लांब. बाबांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"ती सेटमध्ये आहे?" बाबांनी विचारलं.

गॅसवरचा चहा उतू गेल्याचा आवाज आला तरी मी हलले नाही.

"मला वाटलं, तीही माझीच," बाबा म्हणाले.

काका त्यांच्यासमोर खाली बसले. पूर्वी सेटच्या मागे बसायचे तसे, मांडी घालून. त्यांनी स्वतःच्या नाकापुढे बोट धरलं. "मालक, माझ्या तोंडाकडे बघा. काय दिसतं?"

"कान दिसतात," बाबा म्हणाले. "कानांवरून ओळखतो मी तुला. तुझे आहेतही तसे."

काका हसले नाहीत. मग मी जाऊन चहा पुसला. ओटा दोनदा पुसला.

नंतर बाबांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, भिंतीकडे बघत. डावा डोळा आई गेली त्या सुमारासच गेला होता. तेव्हा कुणाला सांगायचं? एकाने भागत होतं. जानेवारीच्या शेवटी उजव्यातही तसंच सुरू झालं. "मला वाटत होतं, सेटच असेल. रोज सकाळी वाटायचं, सेटच असेल. दुकानात जाईपर्यंत वाटत होतं."

"मग दुकानातून आल्यावर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दादा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. आणि तिथे मला बाथरूम कुठे ते माहीत नाही."

मिस्त्रीकाकांनी जाण्यापूर्वी टीव्ही 'घर'वर आणला. दोन मिनिटं लागली.

३ मार्च, सोमवार

रजा टाकली. डोळ्यांचं हॉस्पिटल. चार तास बसलो. डोळ्यांत थेंब, बाहुल्या मोठ्या, फोटो, पुन्हा थेंब.

डॉक्टर तरुण बाई होत्या, थकलेल्या पण शांत. म्हणाल्या, दृष्टिपटलाच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे खालून नको त्या रक्तवाहिन्या फुटल्यात आणि झिरपताहेत. डाव्या डोळ्यात त्याचा व्रण झालाय, तिथे आता करण्यासारखं काही नाही. उजव्यात अजून ओलं आहे. इंजेक्शन देऊन थांबवता येतं, कधी थोडं परतही मिळतं. "यात दिवसांना किंमत असते. कधीपासून आहे?"

"झाले असतील चार-पाच दिवस," बाबा म्हणाले.

माझ्या पिशवीत ही वही होती. का आणली होती कुणास ठाऊक. कदाचित ठाऊक होतं. मी ती काढली आणि वाचलं: ३ फेब्रुवारी, डाग आणि वाकलेली ओळ. ५ फेब्रुवारी, नंबर. ९, खुर्चीचे वळ आणि पेला. १६, एका डोळ्यावर तळहात, शेजारच्या काकू. डॉक्टर लिहीत गेल्या. एकदा वर बघून म्हणाल्या, "इतका व्यवस्थित इतिहास मला कुणी आणून देत नाही."

त्यांनी कौतुकाने म्हटलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळं दिसलं होतं. तारखेसह. एक महिना मी ते सगळं शुद्धलेखनाची एकही चूक न करता उतरवत होते, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'मला त्यातलं काय कळतं' असं म्हणून पान उलटत होते. याला मी आजवर नम्रपणा समजत आले. तो नम्रपणा नव्हता. ज्याला कळतं तो बघेल, म्हणजे मला बघावं लागणार नाही, असा तो हिशेब होता.

बाबा बाहेर येताना म्हणाले, "लिहितेस हे सांगितलं नाहीस कधी." आणि थोड्या वेळाने, "माझ्यावरच लिहितेस होय?"

४ मार्च, मंगळवार

पहिलं इंजेक्शन. थेट डोळ्यात. मी बाहेर बाकावर बसले होते, आत बाबा डॉक्टरांना सोल्डरिंगच्या गनबद्दल सांगत होते, असं नर्स म्हणाली.

संध्याकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तो म्हणाला, "मी घ्यायला येतो." मी फोन बाबांकडे दिला. माझ्या मनात काय होतं ते लिहायला हवं: बाबांनी 'हो' म्हणावं असं एका कोपऱ्यात वाटलं. म्हणजे यापुढे बघायची जबाबदारी दुसऱ्याची.

बाबा म्हणाले, "ये. चार दिवस राहा. पण न्यायला म्हणून येऊ नकोस. हिला सगळं सुरुवातीपासून माहीत आहे, तुला पुन्हा कुठे शिकवत बसू?"

६ एप्रिल, रविवार

महिनाभर वही उघडली नाही. धीर होत नव्हता. मंगळवारी दुसरं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाल्या, ओल कमी आहे. बाबांना आता बातम्यांची ओळ दिसते, अक्षरं नाहीत, पण ओळ आहे हे दिसतं. मी ऑफिसातून अर्धा दिवस काम घरी आणायची परवानगी घेतली. संपादकबाईंनी 'बघू' न म्हणता दिली.

डॉक्टरांनी एक कागद दिलाय. चौकोनांची जाळी, मधे काळा ठिपका. तो फ्रिजच्या दाराला चिकटवलाय. रोज सकाळी चष्मा लावून, डावा डोळा झाकून, ठिपक्याकडे बघायचं. कुठे नवी वाकडी रेघ दिसली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी ठिपक्याशेजारचे जे चौकोन वाकडे होते त्यांच्या कडा मी पेन्सिलीने जाड करून ठेवल्यात. ते सोडून बाकीचे बघायचे.

रोज मी विचारते, "आज?" रोज बाबा म्हणतात, "तशीच आहे." गेले तेहतीस दिवस, तशीच आहे. मी चहा ओतते. हे उत्तर ऐकायला मला किती आवडतं, हे माझ्या लक्षात आलं आणि भीती वाटली.

७ एप्रिल, सोमवार

हे हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. बाबांना आत फोटोला नेलंय.

सकाळी मी विचारलं, "आज?" बाबा फ्रिजपुढे उभे होते. "तशीच आहे," म्हणाले. पण डावा हात अजून डोळ्यापर्यंत पोचला नव्हता. छातीशीच होता.

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. "बाबा, पुन्हा बघा."

"बघितलं ना."

"नाही बघितलंत."

"तुला काय माझ्या डोळ्यातून दिसतं का?"

"नाही. पण न बघता बोललात, ते दिसलं."

ते खूप चिडले. मी घरातली पोलीस झाले आहे, असंही म्हणाले. रोज उठून परीक्षा, रोज तोच प्रश्न, माणसाने एक सकाळ तरी सुखाने चहा प्यावा की नाही? ते सगळं खरं होतं. मी फ्रिजसमोरून हलले नाही. 'चुकत असेन का?' हे मनात तीनदा तरी आलं. तीनदा येऊ दिलं आणि उभी राहिले.

मग बाबांनी डोळा झाकला. बराच वेळ बघितलं. बोट जाळीवर ठेवलं, ठिपक्यावरून सुरू करून एकेक चौकोन चाचपत खाली नेलं.

"इथे. खाली उजवीकडे. तीन चौकोन."

"काल?"

"काल दोन होते."

मी हॉस्पिटलला फोन लावला. म्हणाले, लगेच या. बाबा चपला शोधत होते. मी कागद दारावरून सोडवून घेतला. तेव्हा ते म्हणाले, "पेन्सिल दे इकडे." जेवणाच्या टेबलावर कागद ठेवून, नाक जवळजवळ टेकवून, त्यांनी ते तीन चौकोन स्वतः रंगवले. पेन्सिल रेघेबाहेर जात होती. मी कागदाला हात लावला नाही.

"आता खाली तारीख घाल," ते म्हणाले. "अक्षर तुझं चांगलं आहे."

मी पेन उघडून लिहायला वाकले.

"आजची नको," बाबा म्हणाले. "शनिवारची घाल."